जबाबातला ‘उभा’

तांडापेठेत ‘देवराव धकाते कुठं राहतात?’ असं विचारलं तर लोक जरा डोकं खाजवतात. ‘रायटर कुठं राहतात?’ म्हटलं की रस्त्यात खेळणारं पोरगंही घर दाखवतं. देवराव तीस वर्षं पोलिसात होते, पण चोरामागं धावताना त्यांना कोणी पाहिलं नाही, आणि त्यांचं पोट पाहता ते बरंच झालं. उत्तर नागपुरातल्या निरनिराळ्या ठाण्यांत त्यांनी रायटरचं काम केलं. साहेबांनी विचारायचं, समोरच्यानं सांगायचं आणि देवरावांनी लिहून घ्यायचं. समोरचा रडत सांगो, नशेत सांगो, की अर्धं हिंदीत अर्धं छत्तीसगडीत सांगो, देवरावांच्या कागदावर ते शुद्ध मराठीत उतरायचं. त्यांचा एकही जबाब वरून दुरुस्तीसाठी परत आला नाही, हे ते स्वतः सांगत, आणि न विचारता सांगत.

या शुद्धपणामागं एक जुनी लाज होती. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी हजेरीला ‘मले बरं नाही साहेब’ म्हटलं, आणि पुण्या-साताऱ्याकडची पोरं पोट धरून हसली. पुढं नऊ महिने त्यांचं नावच ‘मले’ पडलं. विणकराचा पोरगा, घरात हातमागाच्या खटखटीत वाढलेला, तो त्या नऊ महिन्यांत असा काही बदलला की परत आला तेव्हा आईशीसुद्धा ‘मला’, ‘तुला’ करायला लागला. आईला वाटलं, पोराला साहेबी चढली. बायको वच्छलाबाई मात्र अस्सल उमरेडची. तिनं आपली बोली एका अक्षरानंही सोडली नाही, त्यामुळं हा संसार तीस-पस्तीस वर्षं दोन बोलींमध्ये चालला आहे, आणि भांडणात नेहमी वच्छलाबाईंची बोली जिंकते.

निवृत्तीनंतर देवराव मोहल्ल्यातल्या लोकांचे अर्ज लिहून देतात. म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी प्लास्टिकची फाईल छातीशी धरून दारात उभी राहिली, तेव्हा त्यांना वाटलं, रेशनकार्डाचं काम असेल. त्यांनी खुर्ची दिली, चष्मा पुसला.

“मी दामिनी. भिवापूरहून आली,” ती म्हणाली आणि फाईलमधून एक झेरॉक्स काढून त्यांच्यापुढं ठेवली. “हे अक्षर तुमचंच न काका?”

देवराव खूश झाले. अक्षर त्यांचंच होतं, ओळीला ओळ समांतर, समास सोडलेला. त्यांनी कौतुकानं पहिली ओळ वाचली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कोणाचा जबाब वाचतो आहोत.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शहराच्या कडेला मिरची साठवायचं एक कोल्ड स्टोरेज होतं. एका दुपारी तिथं अमोनिया गळला. असं झालं की खोल्यांची दारं ताबडतोब लावायची, म्हणजे गॅस पसरत नाही, असा तिथला नियम. दारावर होता भिवापूरचा चंपतराव. आणि आत, पोत्यांच्या थप्प्यांमागं, त्याच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा चंदन होता. मामानंच भाच्याला तिथं हमालीला लावलं होतं. चंदन गेला. चंपतराव दाराशी बेशुद्ध सापडला. धावपळीत ते दार नेमकं कोणी लावलं आणि कोणी उघडलं, याचा मेळ कोणालाच लागला नाही. संध्याकाळी सरकारी दवाखान्यात चंपतरावाचा जबाब झाला. साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले होते, म्हणून देवरावांनी एकट्यानंच लिहून घेतला. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘मी दार लावून उभा राहिलो होतो, तेव्हा आतून आवाज आला.’

दुसऱ्या दिवशी हे वाक्य ठाण्यातून पेपरात गेलं आणि ठळक टाइपात छापून आलं. मालक त्या वाक्याआड लपला. गळती कशी झाली, यंत्राची देखभाल कोण करत होतं, हे सगळं मागं पडलं, आणि भाच्याचा आवाज ऐकून दाराबाहेर उभा राहिलेला मामा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. चंपतराव अडीच महिने तुरुंगात होता. खटला रखडत चालला आणि मागच्या वर्षी तो निर्दोष सुटला. पोलिसापुढच्या त्या जबाबाला कोर्टात पुरावा म्हणून किंमतही नव्हती. पण गावानं पेपर वाचला होता, निकाल वाचला नव्हता.

“मी चंपतरावाची पोरगी,” दामिनी म्हणाली. “बाबा ‘उभा राहिलो’ म्हणलेच नोते काका. ते म्हणले होते, ‘मी दार लावून राहिलो होतो, तं आतून आवाज आला.’ हा ‘उभा’ कुठून आला?”

“हे बघ बेटा,” देवराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “सहा वर्षं झाली. तुझ्या वडिलांना आज जे आठवतं ते वेगळं, आणि त्या दिवशी ते जे बोलले ते वेगळं. केसमध्ये अडकलेला माणूस मागाहून हेच म्हणतो, की मी असं बोललोच नव्हतो. मी माझ्या पदरचा शब्द कधी घातला नाही.”

“शेवटची ओळ वाचा.”

ती ओळ वाचायची देवरावांना गरज नव्हती. हजारो वेळा लिहिली होती. ‘माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’

“वाचून दाखवला होता?”

“अर्थातच.”

“मंग बाबा काय म्हणले?”

“काय म्हणणार? मान हलवली. घशाला त्रास होता त्यांच्या.”

“मी तिथंच होती काका,” दामिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि देवरावांना त्याचीच धास्ती वाटली. “खाटेच्या पायथ्याशी, लोखंडी स्टुलावर. तुमचं लिहिणं चालू होतं तवाच नर्सबाईनं सुई देल्ली. बाबा झोपून गेले. तुम्ही पेनाले टोपण लावलं आन् उठले. मी सोळा वर्साची होती. जबाब वाचून दाखवाव लागते, हे कोणाले मालूम होतं?”

देवरावांना स्टूल आठवलं. त्यावर शाळेच्या ड्रेसमधली, दोन वेण्या घातलेली एक पोरगी बसली होती, तीही आठवली. पण तोंडातून वेगळंच आलं. ते म्हणाले, तू लहान होतीस, घाबरली होतीस, तुझ्या लक्षात राहिलं नसेल. म्हणताना त्यांचा हात उगाच झेरॉक्सच्या कडा सरळ करत होता.

तेवढ्यात आतून वच्छलाबाईंचा आवाज आला. “चाय मांडून राहिली वं पोरी, जाऊ नको.”

दामिनीनं स्वयंपाकघराकडं पाहिलं, मग देवरावांकडं. “काका, काकू आता काय म्हणल्या?”

“चहा घेऊन जा म्हणते.”

“तसं नाही. त्यायचा जबाब घेऊन राहिले असं समजा. कसं लिहाल? तुमच्या शुद्ध मराठीत.”

तीस वर्षांची सवय. कोणी बोललं की देवरावांच्या डोक्यात त्याचं शुद्ध वाक्य आपोआप तयार होई. “‘मी चहा मांडत आहे,’” ते म्हणाले.

“‘मी चहा मांडून उभी राहिले’, असं काहून नाही लिहिलं?”

देवरावांच्या कानामागं गरम झालं. ते चिडले. उठून उभे राहिले. काल जन्मलेल्या पोरीनं आपल्याला जबाब शिकवायचा का, आपण कोणाकोणाच्या हाताखाली काम केलं आहे हे तिला माहीत आहे का, असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले, “सोडलं ना कोर्टानं तुझ्या वडिलांना? मग आता काय पाहिजे तुला?”

“आत्या पाहिजे,” दामिनी म्हणाली.

आता मात्र तिचा आवाज फुटला. रुखमाआत्या, म्हणजे चंदनची आई, दोन गल्ल्या सोडून राहते, पण सहा वर्षांत भावाचं तोंड पाहिलं नाही. पेपरातलं ते कात्रण तिनं चंदनच्या फोटोमागं जपून ठेवलं आहे. बाबा किती वेळा सांगायला गेले, तिनं ऐकलं नाही. शेजारीपाजारी म्हणतात, पहिल्यांदा बोलला तेच खरं, बाकी वकिलानं पढवलेलं. “तुम्ही भिवापूरले या काका. तिले तुमच्या तोंडानं सांगा का तो शब्द तुमचा होता. माह्यावर तिचा भरोसा नाही, बाबावर तं नाहीच. लिहिणाऱ्यावर आहे.”

“मी येणार नाही,” देवराव म्हणाले. “जे सांगितलं तेच मी लिहिलं.”

दामिनीनं झेरॉक्स तिथंच राहू दिली, मागं आपला फोन नंबर लिहिला आणि गेली. वच्छलाबाई तीन कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती.

त्यांनी एक कप नवऱ्यापुढं ठेवला, एक स्वतः घेतला आणि तिसऱ्यावर बशी झाकली. मग म्हणाल्या, “सच्च सांगा, लिहिलं का तुम्ही ते?”

“वाक्य अर्धवट वाटत होतं,” ते म्हणाले. “‘दार लावून राहिलो होतो.’ साहेब साताऱ्याकडचे. त्यांना काय बोध होणार? ते ‘राहिलो’ नुसतं लोंबकळत होतं.”

“मंग ‘लावत होतो’ लिहाचं.”

“हो.”

“काहून नाही लिहिलं?”

ते वाक्य कळायला देवरावांना दुभाषा लागत नव्हता. आई रोज म्हणायची, ‘भाकर टाकून राहिली, बस.’ भाकर तव्यावर पडायची असे, हे चार वर्षांच्या देवरावांनाही कळत होतं. पण पन्नाशीच्या रायटर देवरावांनी ते वाक्य ऐकलं ते साताऱ्याच्या साहेबांच्या कानानं. दार लावून, मग राहिला. कुठं राहिला? बाहेर. कसा? उभा. बापानं मागावरचा तुटलेला धागा जोडावा तसा त्यांनी तो शब्द जोडला, आणि जोड दिसत नाही याचं त्यांना समाधानच वाटलं असणार. इतक्या वर्षांत त्या शब्दाकडं परत पाहावंसं त्यांना कधी वाटलं नाही.

आणि ती शेवटची ओळ. ती तर त्यांनी शेवटी लिहिलीही नव्हती. वेळ वाचावा म्हणून कोरा कागद घेतला की तळाशी ती ओळ आधीच लिहून ठेवायची, अशी त्यांची पद्धत होती. नव्या शिपायांना ती युक्ती म्हणून त्यांनी शिकवलीही होती. चंपतरावानं तोंड उघडण्याआधीच ‘बरोबर आहे’ असं त्याच्या नावावर लिहून झालं होतं. देवरावांनी आयुष्यभर लोकांना नाही-नाही म्हणताना पाहिलं होतं, आणि कोण खोटं बोलतो आहे हे ओळखायची त्यांची एक खूण होती. खोटं बोलणारा आधी समजुतीनं बोलतो, मग चिडतो, मग आपल्या ओळखी सांगतो. सकाळी त्यांनी हे तिन्ही केलं होतं, त्याच क्रमानं. बनियनवर बसल्या बसल्या देवराव धकात्यांना स्वतःची अशी शिसारी आली की चहा तसाच राहिला.

“मी येऊ का संगं?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“नको,” ते म्हणाले.

मंगळवारी ते एसटीनं भिवापूरला उतरले. फेब्रुवारी म्हणजे मिरचीचा हंगाम. जिकडंतिकडं लाल मिरची वाळत घातलेली, आणि हवेत असा ठसका की बसमधून उतरणारा प्रत्येक जण आधी खोकतो, मग सामान मोजतो. दामिनी स्टँडवर आली होती. ती पुढं चालायला लागली, देवराव मागं. निवृत्त माणसाजवळ नावाशिवाय दुसरं काय असतं? ते नाव आपण आज आपल्या हातानं पुसणार, आणि उद्या हे ठाण्यापर्यंत गेलं तर लोक म्हणतील, रायटरच्या बाकीच्या जबाबांचं काय? हा विचार त्यांना बसमध्येही सुटला नव्हता. खरं तर उमरेडला उतरून परत फिरावं, असंही एकदा वाटून गेलं होतं.

रुखमाबाई अंगणात गोणपाटाच्या बोरीवर बसून मिरचीचे देठ काढत होत्या. साठी उलटलेली, काटक बाई. बोटं मिरचीनं रंगलेली. दामिनीला पाहून त्यांनी मान वळवली. देवरावांना बसाही म्हटलं नाही.

देवरावांनी बसमध्ये वाक्यं तयार केली होती. घसा साफ करून ते म्हणाले, “बाई, मी नागपूरहून आलो. आपल्या बंधूंचा जबाब मी नोंदवला होता. सदर जबाबामध्ये माझ्याकडून अनवधानानं एका शब्दाची भर पडली, त्यामुळं आशयात...”

“काय म्हणून राहिला हा माणूस?” रुखमाबाईंनी कोणाकडंही न पाहता विचारलं.

देवराव थांबले. त्यांच्या पायाखाली मिरचीच्या बिया होत्या, डोळ्यांत ठसक्याचं पाणी होतं, आणि तयार केलेली सगळी वाक्यं निरुपयोगी झाली होती. ते तसेच धुळीत, बोरीच्या कडेला खाली बसले.

“बाई, मी लबाड बोललो,” ते म्हणाले. “तुमचा भाऊ तसा नोता बोलला. ‘मी दार लावून राहिलो होतो, तं आतून आवाज आला’, असा बोलला तो. ‘उभा’ मी घातला. मले वाटलं, साहेबाले समजणार नाही. आन् त्याले वाचूनही नाही दाखवलं. तो झोपला होता.”

‘मले’ म्हणताना ते अडखळले नाहीत. ट्रेनिंगनंतर परक्या माणसापुढं हा शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच आला, आणि त्या वेळी त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

रुखमाबाईंची बोटं थांबली. त्यांनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. लावून राहिलो होतो. त्यांना ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“म्हणजे आवाज आला तवा दार लागलं नोतं?”

“नाही. तो लावून राहिला होता.”

“काय आवाज आला?”

देवराव बोरीवरच्या देठांकडं पाहायला लागले.

“माह्या पोराचा आवाज होता न तो? काय म्हणला माहा चंदन?” रुखमाबाई आता सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहत होत्या. “तुम्ही लिहून घेत होते. इचारलं असन न?”

“नाही इचारलं, बाई,” देवराव म्हणाले.

‘आतून आवाज आला’ एवढं लिहून त्यांनी पूर्णविराम दिला होता आणि दुसरं वाक्य सुरू केलं होतं. काय आवाज आला, हे विचारायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ‘उभा’पेक्षाही हे मोठं पाप आहे, असं त्यांना त्या अंगणात वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

रुखमाबाई उठल्या. पदराला हात पुसले, पायात काही न घालता अंगणाबाहेर पडल्या. दामिनी मागून धावली. देवरावही निघाले, कारण तिथं बसून राहणं त्यांना जमलं नसतं. दोन गल्ल्या होत्या, पण रुखमाबाई अशा चालत होत्या की लोक ओट्यांवरून उठून पाहायला लागले.

चंपतराव पडवीत बाजेवर बसला होता. गॅसनं डोळे अधू झालेले, समोरचा माणूस त्याला आकारावरून ओळखावा लागे. हा आकार त्यानं ओळखला. तो उठायला लागला आणि बाजेची कड धरून तसाच राहिला.

“काय म्हणला होता गा तो?” रुखमाबाईंनी विचारलं. सहा वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य.

चंपतरावानं कोण, काय, असं विचारलं नाही. “मी दाराचा पल्ला ओढून राहिलो होतो, बाई,” तो म्हणाला. “अर्धा ओढला होता. त्यानं आतून पाहिलं मले. ‘मामा, येऊ नको गा,’ म्हणला. ‘तू येऊ नको.’”

“मंग?”

“मी गेलो तरी. चार-पाच पावलं गेलो असन. मंग मले काही दिसलंच नाही.”

दामिनी दाराच्या चौकटीला टेकून रडत होती. देवराव रस्त्यावरच थांबले होते, आणि त्यांच्या खिशाला पेन होतं, पण त्यांनी त्याला हात लावला नाही.

“हे मले तवाच काहून नाही सांगतलं?” रुखमाबाई म्हणाल्या. “सहा वर्सं, चंपत. माहा पोरगा काय म्हणून गेला हे मले सहा वर्सं मालूम नोतं.”

“सांगाले आलतो न बाई,” चंपतराव म्हणाला. “किती डाव आलतो. तू दार नाही उघडलं.”

रुखमाबाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्या बाजेपाशी गेल्या, भावाच्या शेजारी बसल्या, आणि मिरचीचे हात त्याच्या डोळ्यांना लागू नयेत म्हणून मनगटानंच त्याचं तोंड आपल्याकडं वळवून म्हणाल्या, “अजून एक डाव सांग.”